आतून गुळगुळीत

सुतळी वीतभरही नव्हती. शाळेच्या चपराशानं, चाँदनं, ती माझ्यापुढच्या ढलप्यांवर टाकली आणि उंबऱ्यावर बसून तो तळपायातला काटा काढू लागला. सुतळीला एक गाठ होती. गाठ म्हणजे इथवर. सुताराकडं मापं अशीच येतात, खाटेचं असो, पाळण्याचं असो, कुणी कागदावर लिहून देत नाही. मी सवयीनं ती उचलली आणि सवयीनंच डाव्या मनगटाभोवती गुंडाळली. गाठ टेकेना, बोटभर कमी पडली. मी म्हटलं, हे कशाचं माप, चाँद? तो काट्यातच डोळे घालून म्हणाला की सदर साहेबांनी, म्हणजे मोठ्या मास्तरांनी, सांगितलंय, खोड्याचं आहे, शनिवारी शाळा उघडायच्या आत पाहिजे. मग काटा निघाला. तो बोटाच्या टोकावर धरून त्यानं उजेडात बघितला, फुंकून टाकला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुमच्याच पोराचं हाय, मिस्तरी, गहिनीचं. तुमच्या घरूनच आणलं मी."

खोडा हा सदर साहेबांचा शब्द. मी त्याला लोढणं म्हणतो, कारण ते लोढणंच आहे. ओढाळ गाय दुसऱ्याच्या रानात शिरू नये म्हणून तिच्या गळ्यात ओंडका अडकवतात, तेच. गाईला आई म्हणायचं आणि गळ्यात अडकवायचं, पोराला लेक म्हणायचं आणि पायात अडकवायचं. बाभळीचा हातभर ओंडका घ्यायचा, त्याला पायाच्या मापाची अर्धगोल खोबण पाडायची, वर तशीच खोबण पाडलेली फळी ठेवायची आणि दोन्ही बाजूंनी सागाच्या खुंट्या ठोकायच्या. पोरगं चालू शकतं, पळू शकत नाही. त्यातच जेवतं, त्यातच निजतं. महिनाभरानं, दोन महिन्यांनी मास्तरांना वाटलं की आता सुधारलं, म्हणजे सुताराला बोलावतात आणि खुंट्या कापतात. कापाव्याच लागतात, कारण त्या उपसून निघत नाहीत. निघत नाहीत ही माझीच करामत. खुंटीच्या टोकाला चीर पाडून त्यात बारीक पाचर ठेवली की ठोकताना पाचर आत शिरते, खुंटी आतल्या आत फुगते, आणि मग बैल लावला तरी निघत नाही. बीडात हे दुसऱ्या कुणाला जमत नाही. या शाळेला मी अशी तीन लोढणी करून दिलेली आहेत आणि विद्येचं काम म्हणून एकाचीही मजुरी घेतलेली नाही. विद्येचं काम! माझ्या तोंडात त्या वेळी कुणी शेण घातलं असतं तर बरं झालं असतं.

चाँद उठला, पण जाईना. तो रंध्याशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "तवर कोळशाच्या कोठीत हाय तो. सदर सायबाचा हुकूम हाय, भागनाऱ्याला जमातीत, पोरांत बसवायचं न्हाई. सांजंला सोडतो मीच." मी विचारलं, कधीपासून? मंगळवारपासून, म्हणाला. आज बेस्तरवार. मंगळवारी संध्याकाळी पोरगं घरी आलं तेव्हा त्याच्या सदऱ्याला, कोपरांना कोळशाची काळी भुकटी लागली होती, आणि मी त्याला म्हणालो होतो, कुठं उकिरडे फुंकत होतास बे? बुधवारीही तसाच आला. बुधवारी मी एक ठेवून दिली, धडके कपडे घाण केले म्हणून. सात वर्षांचं पोर, तीन दिवस अंधारात बसतंय, आणि संध्याकाळी घरी येऊन बापाची थप्पड खातंय, आणि बोलत नाही. कावून बोलेल? बोलायचं कुणाशी? शाळा सरकारी, तिथं उर्दूतच बोलायचं, ते त्याला येत नाही. मास्तर 'बैठो' म्हणतात ते हातवाऱ्यावरून कळतं. 'सबक सुनाओ' म्हणतात ते कळत नाही, तो गप्प राहतो, आणि गप्प राहिला की गुर्मी आहे म्हणून उभा करतात. उभं राहून राहून पोरगं पळालं. पहिल्यांदा पळालं ते थेट माझ्या दुकानात आलं आणि फळ्यांच्या मागं लपलं. मी कान धरून परत नेलं. दुसऱ्यांदा पळालं तेही इथंच आलं. मी पोत्यासारखं खांद्यावर टाकून नेलं, आणि बाजारातली माणसं हसली, मीही हसलो. तिसऱ्यांदा तो माझ्याकडं आला नाही. कपिलधारच्या वाटेवर दोन कोसांवर एका गाडीवानाला सापडला. कुठं चाललास रे, असं त्यानं विचारलं तर म्हणे, पाण्याकडं. तिथं धबधबा आहे हे त्याला मीच सांगितलं होतं. लोक म्हणाले, द्वाड आहे. मीही म्हणालो. दोनदा तो माझ्याकडं आला आणि तिसऱ्यांदा आला नाही, एवढा साधा हिशोब माझ्या डोक्यात आज शिरतोय, आणि तोही चाँदच्या तोंडून कोठी हा शब्द ऐकल्यावर.

कोठी म्हटलं की मला बळद आठवतं. आमच्या आष्टीला पंतोजी ज्या घरात शाळा भरवायचे त्या घराच्या जाड भिंतीत धान्य साठवायचं बळद होतं. वरून झाकण, खाली ज्वारी काढायचं भोक, आणि मोकळं असलं की आत एक पोर उकिडवं मावायचं, म्हणजे माझ्याएवढं. पंतोजी मारत नसत असं नाही, पण त्यांना मारायचा कंटाळा यायचा. बळदात टाकलं की झालं, ते स्वतः जेवून वामकुक्षीला मोकळे. आत जुन्या ज्वारीचा कुबट वास. पोरकिडे पायावर चढायचे. बाहेर पोरं पाढे म्हणायची, बे एके बे, बे दुणे चार, आणि ते भिंतीतून असं ऐकू यायचं जसं विहिरीत तोंड घालून कुणी बोलावं. मला आजही बेचा पाढा ऐकला की नाकात तो वास येतो. खालच्या भोकातून बोटभर उजेड यायचा, त्यात मी पायाचा अंगठा ठेवायचो. अंगठा दिसतोय म्हणजे मी आहे. मोठा झाल्यावर हे कुणाला सांगितलं तर माणसं म्हणतात, तवाची शिस्तच न्यारी होती. अरे, शिस्त कसली? मी त्या बळदात अक्षर शिकलो नाही, पाढा शिकलो नाही, मुतायचं कसं दाबून धरायचं एवढं शिकलो. तेवढ्यासाठी पंतोजी कशाला पाहिजे?

आणि मग मी पळालो. आणि मग माझा बा. माझा बा रामकिसन आष्टीचा सुतार, बलुतेदार. गावातलं लाकडाचं जे जे, ते त्याच्या हातचं. पंतोजींनी निरोप धाडला की पोराला लोढणं पाहिजे, आणि गावात सुतार एकच. त्यानं ते केलं. दोन दिवस दारात बसून केलं, आणि मी समोर बसून बघत होतो, कारण मला वाटत होतं बैलासाठी आहे. ओंडका तासून झाल्यावर त्यानं खोबण पाडली, खोबण पाडल्यावर काचेचा तुकडा घेऊन ती आतून खरवडली, खरवडल्यावर रेती आणि फडक्यानं घासली, घासल्यावर करडीचं तेल चोळलं. पुनःपुन्हा अंगठा फिरवून बघत होता. मग त्यानं मला हाक मारली. मी पाय दिला नाही, तिघांनी धरला. माय चुलीपाशी पाठ करून बसली होती. त्या लोढण्याचा मला एक ओरखडा आला नाही. बाकीच्या पोरांच्या पायाला घट्टे पडले, जखमा झाल्या, एकाच्या पायात किडे पडले. माझी कातडी जशीच्या तशी. गाव म्हणालं, बापाची माया बघा. मायही तेच म्हणायची. आणि मीही, हे लिहिताना हात कापावासा वाटतो, मीही माझ्या घरात, माझ्या पोराला मांडीवर घेऊन हीच गोष्ट सांगत आलो. तुझ्या आज्यानं माझं लोढणं आतून असं गुळगुळीत केलं होतं, लोण्यागत. पोरगं ऐकायचं. लोण्यागत, म्हणून हसायचं. चाळीस वर्षांचा होईस्तोवर मी ती मायेची गोष्ट म्हणून सांगितली. आज हातात ही सुतळी आहे आणि मला कळतंय की त्यानं गुळगुळीत केलं म्हणजे त्याला माहीत होतं. खरबरीत ठेवलं असतं तर म्हणता आलं असतं, बाबा अडाणी होता, त्याला काय ठाऊक. अंगठा फिरवून फिरवून बघणाऱ्या माणसाला सगळं ठाऊक असतं.

बाराव्या वर्षी मी आष्टी सोडली आणि इथं पाशा मिस्तरींच्या हाताखाली राहिलो. पाशा मिस्तरींनी मला कधी बस म्हटलं नाही, ऊठ म्हटलं नाही. काम दाखवायचे आणि विडी ओढत बाहेर जायचे. किराणा बांधून आलेले कागद मी सोडवायचो आणि त्यांवरची अक्षरं कोळशानं फळीवर गिरवायचो. क कळायला महिना लागला, जोडाक्षरं कळायला वर्ष. चुकलो तर रंधा मारायचा, फळी पुन्हा कोरी. मी लिहायला-वाचायला शिकलो ते अशा जागी, जिथं दाराला कडीसुद्धा नव्हती. आणि असा मी, आपला पोरगा बिनकागदाचा राहू नये, सरकारी सनद मिळावी, म्हणून सदर साहेबांच्या पाया पडलो. सुताराच्या पोराला घ्यायला त्यांनी तीन महिने लावले. घेतलं त्या दिवशी मी पोराचा हात त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, हाडं आमची, कातडं तुमचं. कुणी म्हणायला लावलं नव्हतं. सगळे बाप म्हणतात. नमस्कार घालावा तसं म्हणतात.

दुपारी गहिनीची माय, तुळजाबाई, भाकर घेऊन आली. मी सुतळी तिच्यापुढं धरली. तिनं पदर तोंडाला लावला नाही की काही नाही, सरळ बघितलं. म्हणाली, काल तो निजल्यावर माप घेतलं. जागेपणी घेतलं असतं तर ओढला असता पाय. मी म्हणालो, मला विचारलं का नाही? त्यावर ती जे बोलली ते मला जन्मभर पुरेल.

"तुमाला काय इचारायचं? दोनदा तुमीच वढत नेलतं त्याला. हाडं आमची, कातडं तुमचं, हे बी तुमीच बोललता. म्या नुसती सुतळी दिली. नाव काटलं म्हंजे मग पुन्ना मलाच बोल लावाल, की तुज्या लाडापायी राहिलं."

मी म्हणालो, तो तीन दिवस कोठीत आहे. तिला ते माहीत नव्हतं. भाकरीचं फडकं सोडता सोडता तिचे हात थांबले. मग तिनं फडकं पुन्हा बांधलं, भाकर तशीच ठेवली आणि म्हणाली, "मंग लवकर करा की वो. खोडा झाला तर भाईर तरी बसंल उजेडात." आणि गेली. तिचं म्हणणं चूक नव्हतं. याचाच तर संताप येतो, की यात एकाचंही म्हणणं चूक नसतं. पोराचं भलं पाहिजे सगळ्यांना. भलं करता करता पोराला अंधार आणि ओंडका यांतलं एक निवडायला लावलं, आणि ओंडका निवडला म्हणून आई खूश.

मी करायला घेतलं. हेही लिहितो, लपवत नाही. तिचं बोलणं डोक्यात होतं की लवकर झालं तर उजेडात बसेल. बाभळीचा एक ओंडका पडलेला होता, तो वाकसानं तासला. सुतळीवरून खोबणीची खूण केली. पटाशीनं खोबण पाडली. हातांना विचारावं लागत नाही, हात चालतात. बाजारात बोंबील आल्याची आरोळी झाली, बोरं विकणाऱ्या रुकसानाच्या टोपलीपाशी कुणाची तरी घासाघीस चालली होती, आणि मी मनात दुसराच विचार करत होतो. तेल्याच्या बंकटचा. बंकट दहा वर्षांचा. माझ्या तीन लोढण्यांपैकी पहिलं मी वेळेवर कापलं, दुसरं बापानंच कुऱ्हाडीनं फोडलं आणि पोराची करंगळी गेली, तिसरं बंकटच्या पायात अजून आहे. पोळ्याच्या आधीपासून आहे. शाळा सुटली की तो माझ्या दुकानावरून जातो, खर्र, खर्र, आणि मातीत रेघ उठते. मी त्या वेळी काहीतरी शोधायला आत वळतो. दर रोज. तर मी बंकटचा विचार करत होतो, आणि किती वेळ गेला कोण जाणे, मला एकदम दिसलं की माझ्या हातात काचेचा तुकडा आहे, खोबणीतून तांदळाच्या पिठासारखी भुकटी निघतेय, आणि माझा अंगठा आतून फिरतोय. पुनःपुन्हा. गोल. कुठं खरबरीत लागतंय का बघत.

मी काच टाकली. ओंडका चुलीजवळ फेकला. बारीक दात्यांची करवत उचलली, बगलेत मारली आणि निघालो. पायात वहाण नव्हती हे बिंदुसरा नदीच्या वाळूत आल्यावर कळलं.

शाळेत दुपारची जमात बसलेली होती. सदर साहेब वाईट माणूस नाही, हे मला सांगितलंच पाहिजे, कारण वाईट असता तर सोपं होतं. पांढरी शेरवानी, हळू आवाज, पोरांना कधी छडी लावत नाहीत आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. मला बघून त्यांना वाटलं मी काम घेऊन आलो. इतक्या लवकर, मिस्तरी, म्हणाले. मी सरळ बंकटच्या पुढं उकिडवा बसलो. त्याला सांगितलं, पाय हलवू नको. आणि खुंटी कापायला लागलो. पोरं माना उंचावून बघू लागली. साग वाळला की गोटा होतो. शिवाय माझी पाचर. माझ्याच हुशारीला कापत बसलो घाम गाळत. सदर साहेब जवळ येऊन उभे राहिले. हुकूम कुणाचा आहे, विचारलं. मी म्हणालो, कुणाचाच नाही. ते म्हणाले की ही सरकारी कामात दखल, ढवळाढवळ आहे. म्हणाले, मी आजवर एका पोराला बोट लावलं नाही, खोडा ही सजा नाही, हिफाजत आहे, पळून विहिरीत पडलं तर कोण जबाबदार? हे त्यांनी इतक्या शांतपणानं सांगितलं की क्षणभर मलाही पटलं. मग दुसरी खुंटी तुटली. फळी निघाली. बंकटच्या पायाला फळीखाली पांढरा पट्टा पडला होता, मेल्या माशाच्या पोटासारखा. माझं काम, आतून गुळगुळीत, एकही ओरखडा नाही. बंकट उठला, सवयीनं पाय जोर लावून ओढला आणि वजनच नसल्यामुळं तो पाय इतका वर गेला की पोरगं मागच्या मागं आपटलं. पोरं हसली. बंकटही हसला. मग रडायला लागला.

सदर साहेबांचा आवाज तेव्हाही चढला नाही. म्हणाले, तुमच्या मुलाचं नाव आजच काटावं लागेल, मिस्तरी. तीन महिने तुम्ही माझ्या दाराशी बसला होता, आठवा. आणि तुम्हीच बोलला होता, हाडं आमची, कातडं तुमचं.

"बोललतो," मी म्हणालो. "झूट बोललो. ते कातडं द्यायला माजं नव्हतंच. त्याचं त्यालाच हाय ते."

ते टेबलाशी गेले, हजेरीचं बाड उघडलं आणि टाक दौतीत बुडवला. मी बघत उभा राहिलो. सात महिन्यांत त्या बाडात माझ्या पोराचं नाव कसं लिहिलेलं दिसतं हे मला बघायचं होतं, पण ते उर्दूत होतं, मला वाचता आलं नाही. एक रेघ ओढली तेवढी दिसली. रेघ कुठल्याही लिपीत कळते. पुढं काय, हे मला माहीत नाही. माझ्यापाशी शिकवायला कोळसा आहे आणि फळी आहे, आणि सनद मिळत नाही तेवढ्यानं, हेही मला माहीत आहे. रस्त्यानं भेटेल तो विचारेल, कावून काढलं, चांगलं नाव लागलं होतं. त्या प्रत्येकाला मी काय सांगत बसू?

चाँदनं न सांगता कमरेची किल्ली काढली होती. कोठी मागच्या अंगाला, हमामखान्यापलीकडं. कुलूप काढताना तो पुटपुटला, "मेरेकू रोज बुरा लगता था, मिस्तरी." मी म्हणालो, मग? मला तरी काय अधिकार होता विचारायचा. दार आतल्या बाजूला उघडलं. कोळशाची पोती, मोडलेले बाक, तेही माझ्याच हातचे, आणि दोन पोत्यांच्या बेचक्यात गहिनी, गुडघे पोटाशी धरून. दाराचा उजेड त्याच्या पायावर पडला. त्यानं डोळ्यांवर हात धरला, आधी चाँदला बघितलं, मग मला, मग माझ्या बगलेतली करवत. मला वाटलं तो मागं सरकेल, आता ओरडेल. पळायला जागा नव्हती, पण पोरं भिंतीतसुद्धा पळतात, मला माहीत आहे. तो सरकला नाही. त्यानं सदऱ्यानं नाक पुसलं, उकिडवं बसल्या जागीच पुढं घसरला आणि उजवा पाय लांब करून, टाच जमिनीला टेकवून, माझ्यापुढं ठेवला.

"दादा," तो म्हणाला, "आतून गुळगुळीत केलंय का?"